आजारपण, अँटीबायोटिक आणि लांबलेली पाळी

जाईजुई :
आज ३७ वा दिवस, आणि पाळीचा पत्ता नाही. एरवी माझी २८ ते ३०, फार तर ३१. घड्याळ लावून घ्यावं अशी. यावेळी ५ तारखेला पहिला दिवस होता. १२ ला घसा धरला, रात्री १०३ ताप. तो २० तारखेपर्यंत रोज चढत-उतरत राहिला. १३ पासून पाच दिवस एक अँटीबायोटिक घेतलं, त्याने काही फरक पडेना म्हणून १७ पासून दुसरं दिलं, ते २३ ला संपलं. तोंडाला चव नव्हती, वजन पावणेतीन किलो उतरलं. आता बरी आहे, फक्त जिना चढला की धाप लागते.
नवरा म्हणतो एवढी औषधं पोटात गेलीत, त्याचाच परिणाम. जाऊबाई म्हणतात औषध गरम पडलं. आम्ही कंडोम वापरतो. काल संध्याकाळी प्रेग्नन्सी टेस्ट केली, एकच रेघ आली, म्हणजे नकारार्थी. अँटीबायोटिकने खरंच पाळी लांबते का? कुणाला असा अनुभव आहे?

दुपारचीझोप :
लांबते. माझी दरवेळी लांबते. कोर्स घेतला की आठवडा पुढे गेलीच समजायचं. येईल आपोआप, टेन्शन घेऊ नकोस.

सदाउशीर :
+१. माझी तर कशानेही लांबते, पण अँटीबायोटिकने जास्त.

चष्मिष्ट :
दुपारचीझोप, एक विचारू? बरी असताना, गंमत म्हणून, कधी अँटीबायोटिक घेतलंय का? नाही ना. म्हणजे ज्या ज्या वेळी गोळी होती त्या त्या वेळी आजारही होता. मी छत्री उघडते तेव्हा दरवेळी पाऊस पडत असतो, म्हणून छत्रीने पाऊस पडतो असं नाही. (कृपया हलके घ्या.)
आणि ते गरम पडण्याचं मला कधी कळलेलं नाही. पाळी लवकर आली तरी गरम पडलं, उशिरा आली तरी गरम पडलं. एकच कारण दोन्हीकडे कसं चालतं?

दुपारचीझोप :
छत्रीचं पटलं. 😀 पण मग आजाराने लांबते हे तरी खरं ना?

वहीवाली :
आजाराने लांबते, पण प्रत्येक आजाराने नाही. आजार महिन्याच्या कोणत्या दिवशी आला त्यावर सगळं आहे. मी चार वर्षं वहीत सगळं लिहून ठेवते. (बाळासाठी प्रयत्न चालू होते तेव्हाची सवय, ती सुटलीच नाही.) त्यातली दोन पानं इथे उतरवते.

पहिलं पान. ११ व्या दिवशी फ्लू, १५ व्या दिवसापर्यंत ताप. मी रोज सकाळी उठायच्या आधी तोंडात थर्मामीटर धरून तापमान घेते, पण त्या पाच दिवसांचे आकडे फुकटच. तापात तापमानाची रेघ कुठेही जाते, तिच्यावरून ओव्ह्युलेशन (स्त्रीबीज सुटणं) कळत नाही. एरवी १४-१५ व्या दिवशी माझी ओव्ह्युलेशनची पट्टी गडद होते, म्हणजे बीज सुटायच्या बेतात. त्या महिन्यात १४ ला फिकी, १५ ला फिकी, १८ ला फिकी, मग मी कंटाळून दोन दिवस केलीच नाही. २४ ला एकदम गडद. पाळी ३८ व्या दिवशी.

दुसरं पान, साधारण वर्षभरानंतरचं. पट्टी १४ ला गडद झाली. २० ला पोट बिघडलं, ताप, जुलाब, अँटीबायोटिक, सगळं यथासांग. पाळी २९ व्या दिवशी, वेळेवर.

अशक्तपणा दोन्ही वेळी सारखाच, अँटीबायोटिक मात्र फक्त दुसऱ्या पानाच्या वेळी घेतलं होतं. आणि लांबली ती पहिल्या वेळची.

जाईजुई :
अगं बाई. म्हणजे माझा ताप आठव्या दिवसापासून होता, तर तो पहिल्या पानासारखा?

वहीवाली :
तसंच दिसतंय. पण कारण कोणीतरी नीट सांगा, मला फक्त लिहिता येतं.

गोळीवाली :
मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. हे आधीच सांगते म्हणजे नंतर भांडण नको.

महिन्याचे दोन भाग असतात. पहिला भाग पाळीच्या पहिल्या दिवसापासून स्त्रीबीज सुटेपर्यंत. हा लवचिक असतो, ताणला जातो. दुसरा भाग बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंत. हा एकाच बाईचा दर महिन्याला जवळजवळ सारखाच असतो, बहुतेकींचा १२ ते १४ दिवसांचा. कारण बीज सुटलं की अंडाशयात त्याच्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते, ती प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवते आणि गर्भ राहिला नाही तर ठरलेल्या वेळी सुकते. प्रोजेस्टेरॉन खाली आलं की गर्भाशयाचं अस्तर सुटतं, म्हणजे पाळी. ही गाठ एकदा तयार झाली की साध्या तापाला फारशी दाद देत नाही. म्हणून वहीवालीचं दुसरं पान वेळेवर.

पहिल्या भागाचं तसं नाही. तिथे सगळा कारभार मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडे. तो साधारण दर तास-दीड तासाने संप्रेरकाचा एक एक ठोका देतो, त्यावर पिट्युटरी ग्रंथी चालते, तिच्यावर अंडाशय. ताप, उपासमार, झोप नाही, वजन झपाट्याने उतरलं, की शरीराला तो मोठा ताण वाटतो, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि हे ठोके मंदावतात. बीज वाढायचं थांबतं किंवा रेंगाळतं. आजार सरला, खाणं-झोप सुधारली की काम पुन्हा सुरू होतं. जेवढे दिवस तिथे गेले तेवढे दिवस पाळी पुढे. कधी त्या महिन्यात बीज सुटतच नाही, मग रक्तस्राव अवेळी किंवा वेगळाच येतो.

यात अँटीबायोटिक कुठेच आलं नाही, बघा. ते जंतूंवर काम करतं, या साखळीवर नाही.

जाईजुई, तुला मात्र एक विचारायचंय. चिठ्ठीवर अँटीबायोटिकखेरीज काय काय होतं? लोकांना लक्षात फक्त अँटीबायोटिक राहतं, कारण त्याचा कोर्स पूर्ण करायचा असतो.

जाईजुई :
चिठ्ठी काढून बघितली. पॅरासिटामॉल. सकाळी उपाशीपोटी घ्यायची पँटोप्राझोल-डॉमपेरिडॉनची कॅप्सूल, दहा दिवस. खोकल्याचं औषध. आणि घशाची सूज उतरावी म्हणून प्रेडनिसोलोन, पाच दिवस. हे स्टेरॉइड असतं का? मला कोणी सांगितलं नव्हतं.

गोळीवाली :
हो, प्रेडनिसोलोन स्टेरॉइड आहे. पाच दिवसांचं फार मोठं काही नाही, पण स्टेरॉइडने पाळी मागेपुढे होऊ शकते, हे त्याच्या माहितीपत्रकातही असतं.
डॉमपेरिडॉन उलटी-मळमळीचं. त्याने प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणजे अंगावर पाजणाऱ्या आईचं असतं ते संप्रेरक, आणि ते वाढलं की बीज सुटण्यात अडथळा येतो. लेव्होसल्पिराइड या तशाच औषधाचंही तेच, ते तर जास्तच. पित्तासाठी म्हणून या कॅप्सूल महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेणाऱ्या बायका मी रोज बघते, त्यांची पाळी बिघडली की मग थायरॉइड तपासतात, सोनोग्राफी करतात, आणि कॅप्सूलचं नाव कोणी काढत नाही. तुझ्या दहा दिवसांवर मी सगळा दोष टाकणार नाही. नऊ दिवसांचा १०३ ताप आणि पावणेतीन किलो एवढं कारण पुरेसं आहे.

चष्मिष्ट :
हे कॅप्सूलचं माहीत नव्हतं. माझ्या पर्समध्ये आत्ता आहे एक पट्टी. 🙈

आनंदी_आनंद :
पुरुष प्रतिसाद चालेल का? बायकोची परिस्थिती साधारण अशीच आहे, तिच्या वतीने विचारतो. अँटीबायोटिक चालू असताना केलेली प्रेग्नन्सी टेस्ट खोटी येते का?

गोळीवाली :
चालेल की, त्यात काय. नाही, खोटी येत नाही. ती पट्टी लघवीत एचसीजी हे गर्भ राहिल्यावर तयार होणारं एकच संप्रेरक शोधते, अँटीबायोटिकचा त्याच्याशी संबंध नाही. वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचंच इंजेक्शन देतात, त्यानंतर लगेच केली तर मात्र फसवते.
आणि टेस्ट होईपर्यंत पुढचं कोणतंही औषध घेताना ‘पाळी लांबली आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगा. काही अँटीबायोटिक गरोदरपणात टाळतात, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन.

अबोली_४२ :
मी गेले दोन दिवस लिहू की नको करत होते. लिहितेच.
माझ्या वहिनीला लघवीचा संसर्ग झाला होता, अँटीबायोटिक चालू होतं. पाळी नऊ दिवस लांबली. घरात सगळ्यांनी, मीही त्यात होते, औषधाने होतं गं म्हणून सोडून दिलं. मग थोडंसं डाग पडायला लागलं. आली एकदाची, म्हणाली. उजवीकडे ओटीपोटात दुखत होतं, तेही पाळीचंच समजलो. दुसऱ्या दिवशी खांदा दुखतोय म्हणाली. आडवीतिडवी झोपली असशील, म्हटलं. मीच म्हटलं हे. संध्याकाळी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. पोटात रक्त साठलं की खांद्यात कळ येते, हे आम्हाला ऑपरेशननंतर कळलं.
ती बरी आहे आता. पण ‘औषधाने होतं’ हे वाक्य कोणी म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो.

जाईजुई :
बापरे, अबोलीताई. लिहिलंत ते फार बरं केलंत. मला दुखत वगैरे काही नाही. पण टेस्ट परत करते.

डॉ_उंबरठा :
स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करते, पण इथे कुणाचं निदान करणार नाही. गोळीवालींनी चांगलं लिहिलंय. अबोलींचा प्रतिसाद सगळ्यांनी परत एकदा वाचा. लांबलेली पाळी, एका बाजूचं दुखणं, खांद्यात कळ, चक्कर, यातलं काही एकत्र आलं तर उद्याची वाट बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा, टेस्टवर किती रेघा आल्या हे नंतर.

जाईजुई, तुमच्या टेस्टबद्दल. बीज उशिरा सुटलं असेल तर टेस्टसुद्धा उशिराच खरं सांगते, ही गोष्ट बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही. ‘पाळीची तारीख उलटली की टेस्ट’ हा हिशेब बीज नेहमीच्या दिवशी सुटलं असं धरून केलेला असतो. समजा तुमचं बीज २७-२८ व्या दिवशी सुटलं. मग ३६ व्या दिवशी गर्भ अस्तराला जेमतेम चिकटत असेल, तेव्हाची एक रेघ काहीच सिद्ध करत नाही. सोपा नियम असा की शेवटच्या असुरक्षित संबंधाला २१ दिवस झाले की टेस्ट भरवशाची. कंडोम तुम्ही वापरता, पण एखाद्या वेळी फाटला, सरकला, हेही धरा. सकाळची पहिली लघवी घ्या, संध्याकाळी पाणी पिऊन पिऊन ती पातळ झालेली असते.
टेस्ट नकारार्थी येत राहिली आणि पाळी तीन महिने नाहीच आली तर तपासणी हवीच. तोपर्यंत पाळी ‘आणायच्या’ गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

जाईजुई :
आजारपणात कसले संबंध, डॉक्टर! पण त्याआधीचं आणि नंतरचं धरून हिशेब केला, १४ तारखेला २१ दिवस होतात. तेव्हा करते.

दातवाली :
थोडं अवांतर. मी गर्भनिरोधक गोळ्या घेते. दाताच्या पूसाठी अँटीबायोटिक दिलंय आणि दुकानात सांगितलं की आता ती गोळी चालणार नाही. खरं का?

गोळीवाली :
अवांतर नाही, हाच प्रश्न सगळीकडे या धाग्याच्या विषयात मिसळतो. पूर्वी आम्हालाही असंच शिकवायचे. गोळीतलं इस्ट्रोजेन आतड्यातले जंतू पुन्हा वापरात आणून देतात, अँटीबायोटिकने ते जंतू मेले की इस्ट्रोजेन कमी पडतं, असा तो तर्क. कागदावर छान दिसतो, प्रत्यक्षात तपासलं तर नेहमीच्या अँटीबायोटिकने गोळीचा परिणाम कमी होताना आढळला नाही. ब्रिटनमध्ये २०११ पासून तसा सल्लाच बदलला.
खरा अपवाद रिफॅम्पिसिन आणि त्याच जातीतलं रिफाब्युटिन. टीबीच्या रुग्णांत हे १९७१ सालीच लक्षात आलं होतं. गोळ्या नियमित चालू असलेल्या बायकांना मध्येच रक्तस्राव होऊ लागला. रिफॅम्पिसिनने यकृत गोळीतली संप्रेरकं भराभर मोडून टाकतं. ते चालू असताना आणि थांबवल्यावरही चार आठवडे दुसरी पद्धत लागते. टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, म्हणजे हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवायचं.
दाताच्या औषधाने तुझं काही अडत नाही. पण त्याने उलट्या-जुलाब झाले तर अडतं! गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक घे. जुलाब दिवसभराहून जास्त टिकले तर त्या दिवसांच्या गोळ्या चुकल्या असं समजून पाकिटातल्या कागदावर लिहिलंय तसं कर.

दातवाली :
धन्यवाद! दुकानात जाऊन भांडून येऊ का?

गोळीवाली :
नको गं, आमच्यातलाच आहे तो.

माझीलेक :
मुलगी १३ वर्षांची, पाळी सुरू होऊन आठ महिने झाले. डेंग्यू झाला होता, त्यानंतर सात आठवडे पाळी नाही. तिच्यापेक्षा मीच रडकुंडीला आलेय.

डॉ_उंबरठा :
पहिली दोन-तीन वर्षं यंत्रणा बसतच असते, बरी असतानाही या वयात ४५ दिवसांपर्यंतचं चक्र चालतं. त्यात डेंग्यू म्हणजे मोठं आजारपण. खाते-पिते ना नीट? वजन परत येतंय ना? मग थोडं थांबा. तीन महिने उलटले तर घेऊन या, म्हणजे तुमच्या डॉक्टरांकडे न्या. आणि तिच्यासमोर रोज विचारू नका, आली का, आली का. तीही ऐकते.

जाईजुई :
अपडेट. १४ ला सकाळी टेस्ट केली, एकच रेघ. पाळी अजून नाही. ४१ वा दिवस. वहीवाली, तुझ्या गणिताने कधी यायला हवी?

वहीवाली :
ताप २० ला गेला, म्हणजे तुझा १६ वा दिवस. बीज पुन्हा वाढायला दहा-बारा दिवस धरले तर २६ ते २८, त्यात १४ मिळव. ४० ते ४२. म्हणजे आज-उद्या. पण हे बोटांवरचं आहे हं, पंचांग नाही.

जाईजुई :
आज सकाळी आली! १७ तारीख, ४४ वा दिवस. वहीवाली दोन दिवसांनी नापास. 😀 आंघोळीच्या आधी लक्षात आलं, आणि खरं सांगते, तिथेच स्टुलावर बसून राहिले दोन मिनिटं. नवरा बाहेरून विचारतोय काय झालं, काय झालं.
फक्त नेहमीपेक्षा जास्त जातंय. हे ठीक का?

गोळीवाली :
जास्त दिवस अस्तर साठलं की असं होऊ शकतं. पॅड किती वेळाने बदलावं लागतंय? तासातासाला पूर्ण भिजत असेल आणि असं दोन-तीन तास चाललं तर डॉक्टरांना फोन कर. मोठ्या गाठी, चक्कर, तरीही.

जाईजुई :
तीन-चार तासांनी. मग ठीक. आणि पुढचं आता आजपासून मोजायचं ना, की जुन्या तारखेपासून?

वहीवाली :
आजपासून. १७ हा तुझा पहिला दिवस. जुनी तारीख विसर, ती परत यायची नाही. पुढचा महिना तुझ्या २८-३० ला आला तर बघ, नाही आला तर एखादा महिना आणखी दे.

जाईजुई :
एक टेस्टचं पाकीट उरलंय, न फोडलेलं. कोणाला हवंय?

सदाउशीर :
मला. आज ३९ वा, आणि मी आजारीसुद्धा नव्हते.

गोळीवाली :
मग उद्या सकाळची पहिली लघवी. आणि पर्समधल्या सगळ्या गोळ्यांची नावं लिहून इथे टाक.